फेस्टिव्हल एक्सप्रेस

फेस्टिव्हल एक्सप्रेस ही १९७० सालच्या उन्हाळ्यात कॅनडामध्ये धावलेली एक विशेष रेल्वेगाडी होय. रॉक, ब्लूज, कंट्री आणि लोकसंगीत या प्रकारांतील त्या काळचे अनेक नामवंत कलावंत या गाडीने टोरांटोहून विनिपेगमार्गे कॅल्गरीपर्यंत गेले आणि वाटेतील तीन शहरांत त्यांनी जाहीर कार्यक्रम केले. या फिरत्या महोत्सवाचे अधिकृत नाव ट्रान्सकॉन्टिनेंटल पॉप फेस्टिव्हल असे होते. परंतु लोकांच्या स्मरणात राहिले ते गाडीचेच नाव. मैदानांवरील कार्यक्रमांपेक्षा गाडीच्या डब्यांत रात्रंदिवस चाललेले गायन-वादन आणि त्याच्या जोडीने झालेले मद्यपान यांमुळे हा प्रवास विशेष गाजला. आयोजकांच्या दृष्टीने तो आर्थिक आपत्ती ठरला. प्रवासात केलेले चित्रीकरण तीन दशकांहून अधिक काळ अप्रकाशित राहिले आणि २००३ साली त्यातून फेस्टिव्हल एक्सप्रेस याच नावाचा माहितीपट तयार झाला.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉक येथील म्हणून ओळखला जाणारा संगीत महोत्सव भरला. (प्रत्यक्षात तो बेथेल या गावाजवळच्या एका शेतावर झाला.) श्रोत्यांची संख्या अपेक्षेच्या कितीतरी पट झाल्याने कुंपणे आणि तिकिटे दोन्ही निरुपयोगी ठरली आणि महोत्सव विनामूल्य झाल्याचे आयोजकांना जाहीर करावे लागले. या घटनेचा एक परिणाम असा झाला की, संगीत हे तरुणांच्या मालकीचे आहे आणि त्यासाठी पैसे मागणे ही नफेखोरी होय, असे मानणारा एक वर्ग निर्माण झाला. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी कॅलिफोर्नियातील ऑल्टामाँट येथे झालेल्या विनामूल्य कार्यक्रमात एका तरुणाचा व्यासपीठासमोरच भोसकून खून झाला. तेव्हापासून नगरपालिका व पोलीस अशा मेळाव्यांकडे संशयाने पाहू लागले. फेस्टिव्हल एक्सप्रेसची आखणी झाली ती या दोन टोकांच्या मध्ये. श्रोत्यांपैकी काहींना तिकीट नको होते आणि शहरांना महोत्सवच नको होता.

टोरांटो शहरात मोठे कार्यक्रम घडवून आणण्याचा अनुभव केन वॉकर या तरुण आयोजकापाशी होता. सप्टेंबर १९६९ मध्ये तेथे झालेल्या टोरांटो रॉक अँड रोल रिव्हायव्हल या कार्यक्रमाच्या आयोजकांपैकी तो एक होता. जॉन लेनन याने प्लॅस्टिक ओनो बँडसह तेथे केलेले गायन प्रसिद्ध आहे. नव्या योजनेत त्याला कॅनडातील प्रख्यात ईटन घराण्यातील थॉर ईटन याचे साहाय्य लाभले. ईटन घराण्याची दुकाने त्या काळी देशभर पसरलेली होती आणि तिच्या मालविक्रीची सूचिपुस्तिका खेड्यापाड्यांतील घरोघरी पोहोचत असे.

श्रोत्यांनी एका ठिकाणी गोळा होण्याऐवजी महोत्सवच श्रोत्यांकडे न्यावा, अशी मूळ कल्पना होती. एरवी असे दौरे विमानाने किंवा बसने होत. कॅनडामध्ये मात्र रेल्वेला वेगळे महत्त्व आहे. अटलांटिक किनाऱ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतचा विरळ वस्तीचा प्रदेश एक देश म्हणून बांधला गेला तो प्रामुख्याने रेल्वेमार्गांमुळे, असे तेथील शाळांतही शिकवले जाते. १९७० पर्यंत मोटारी व विमाने यांच्यामुळे लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांना उतरती कळा लागली होती. अशा वेळी कॅनेडियन नॅशनल रेल्वेज या सरकारी कंपनीकडून एक संपूर्ण गाडी भाड्याने घेण्यात आली.

मार्ग आणि गाडीची रचना

मूळ बेतानुसार महोत्सव माँट्रियल येथे २४ जून रोजी सुरू व्हायचा होता आणि पश्चिमेस व्हँकुव्हर येथे संपायचा होता. २४ जून हा क्वेबेक प्रांतात संत जॉन बॅप्टिस्ट यांच्या उत्सवाचा दिवस असतो. फ्रेंचभाषकांच्या राष्ट्रीय भावनेशी तो निगडित असून त्या काळी त्या भावनेला हिंसक फाटेही फुटलेले होते. त्याच दिवशी हजारो तरुणांचा आणखी एक मेळावा नको, म्हणून माँट्रियलचा कार्यक्रम रद्द झाला. व्हँकुव्हर येथे मैदान मिळू शकले नाही. अखेर पुढील तीन ठिकाणे उरली: टोरांटो (२७ व २८ जून), विनिपेग (१ जुलै) आणि कॅल्गरी (४ व ५ जुलै). दोन्ही किनारे गळाल्याने नावातील ट्रान्सकॉन्टिनेंटल हा शब्द तसा अर्थाला सोडूनच राहिला. तरीही गाडीने कापलेले अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक होते.

गाडी इंजिनांसह १४ वाहनांची होती. तीत दोन इंजिने, पाच शयनयाने, एक भोजनयान, बैठकीचे दोन डबे, सामानाचा एक डबा, कर्मचाऱ्यांचा एक डबा आणि अवजड साहित्यासाठी दोन सपाट वाघिणी यांचा समावेश होता. या प्रवासाच्या इतिहासात खरे महत्त्व आहे ते बैठकीच्या दोन डब्यांना. एरवी त्यांत प्रवासी खिडकीबाहेरील देखावा पाहत पेय घेऊन बसत. या वेळी तेथील जागेत ध्वनिवर्धक, ढोलसंच व इतर वाद्ये मांडण्यात आली. हळूहळू एका डब्यात विजेवर चालणाऱ्या गिटारींचे रॉक व ब्लूज आणि दुसऱ्यात साध्या गिटारींवरील कंट्री व लोकगीते, अशी वाटणी होत गेली. ती कोणी ठरवून दिलेली नव्हती आणि कलावंत या डब्यातून त्या डब्यात सतत ये-जा करीत.

सहभागी कलावंत

महोत्सवाच्या जाहिरातीत सर्वांत मोठे नाव जॅनिस जॉप्लिन हिचे होते. टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथे १९४३ साली जन्मलेल्या या गायिकेने त्याच वर्षी फुल टिल्ट बूगी बँड हा नवा वाद्यवृंद उभारला होता आणि त्यातील बहुतेक वादक कॅनडाचे होते. सॅन फ्रान्सिस्कोचा ग्रेटफुल डेड हा संच आपला वर्किंगमन्स डेड हा ध्वनिसंग्रह जून १९७० मध्येच प्रसिद्ध करून आला होता. या संग्रहात त्यांनी लांबलचक प्रायोगिक वादन बाजूला ठेवून कंट्री व लोकसंगीताच्या वळणाची गाणी केली होती. गाडीतील वातावरणाशी ती विशेष जुळली. त्यांच्याशी जवळीक असलेला न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेज हा संचही गाडीत होता.

द बँड या संचाचे पाचपैकी चार सदस्य कॅनडाचे होते. लेव्हॉन हेल्म तेवढा अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचा. बॉब डिलनचे साथीदार म्हणून गाजलेल्या या मंडळींसाठी टोरांटोचा कार्यक्रम म्हणजे घरचाच. लुइझियानात जन्मलेला आणि शिकागोत नावारूपाला आलेला बडी गाय हा ब्लूज परंपरेचा प्रतिनिधी होता. रॉक संगीताचा मूळ झरा ब्लूजमध्ये आहे हे तरुण वादक जाणून होते आणि गाडीत त्याच्याशेजारी बसून वाजवण्याची संधी त्यांना मिळाली. इयान आणि सिल्व्हिया टायसन हे कॅनडातील लोकसंगीताचे विख्यात जोडपे आपल्या ग्रेट स्पेकल्ड बर्ड या संचासह सहभागी झाले. याशिवाय फ्लाइंग बरिटो ब्रदर्स, डिलेनी अँड बॉनी, माउंटन, एरिक अँडरसन, टॉम रश आणि माँट्रियलचा मॅशमाखान हा संच यांची नावे आढळतात. जाहिरातीतील सर्वच कलावंतांनी रेल्वेने प्रवास केला नाही. शा ना ना आणि ब्रिटिश संच ट्रॅफिक यांसारखे काही केवळ मैदानापुरते आले.

टोरांटो आणि तिकिटांचा वाद

टोरांटोचा कार्यक्रम कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशनच्या मैदानावर झाला. दोन दिवसांच्या तिकिटाची किंमत सुमारे १४ डॉलर होती. दोन दिवसांत ऐकायला मिळणारे कलावंत पाहता ही रक्कम अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु त्या वर्षीच्या तरुणांच्या खिशाला ती हलकीही नव्हती. मे फोर्थ मूव्हमेंट या नावाच्या स्थानिक गटाने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. अमेरिकेतील ओहायो राज्यात केंट स्टेट विद्यापीठाच्या आवारात ४ मे १९७० रोजी सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले होते. गटाचे नाव त्या तारखेवरून घेतलेले होते. या गटाने गाडीला ‘रिप-ऑफ एक्सप्रेस’, म्हणजे लुबाडणूक एक्सप्रेस, असे टोपणनाव दिले आणि सर्वांना विनामूल्य प्रवेश मिळावा अशी मागणी केली.

२७ जून रोजी निदर्शकांचा मोठा जमाव फाटकांवर चालून गेला. काहींनी कुंपणावरून उड्या मारून आत प्रवेश केला. घोडेस्वार पोलिसांशी चकमकी झाल्या आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. हा प्रकार वाढू नये म्हणून ग्रेटफुल डेडचा गिटारवादक जेरी गार्सिया याने मध्यस्थी केली. पोलीस व आयोजक यांच्या संमतीने जवळच्याच कॉरोनेशन पार्क या उद्यानात एक पर्यायी विनामूल्य कार्यक्रम ठेवण्यात आला आणि ग्रेटफुल डेड व इतर काही कलावंत तेथे वाजवण्यास गेले. जमावाचा एक भाग तिकडे वळल्याने मैदानावरील ताण सैल झाला.

या वादात कलावंतांची भूमिका अनेकांना अनपेक्षित वाटते. ग्रेटफुल डेड हा संच विनामूल्य कार्यक्रमांसाठी ओळखला जात असे. तरीही फाटक फोडणाऱ्यांविषयी त्याच्या सदस्यांना सहानुभूती नव्हती, हे माहितीपटातील चित्रीकरणावरून स्पष्ट होते. बॉब वेअर हा तर जखमी पोलिसांची बाजू घेऊन बोलताना दिसतो. आपल्या इच्छेने फुकट वाजवणे आणि दुसऱ्याने ते हक्क म्हणून मागणे यांतील फरक त्यांना ठाऊक होता, असे म्हणता येईल. हाच वाद त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावरील महोत्सवातही उद्भवला. तेथे कुंपणे पाडण्यात आली आणि शेवटी प्रवेश खुला करावा लागला.

टोरांटोच्या बातम्या पुढील शहरांत गाडीच्या आधी पोहोचल्या. फाटकावर मारामारी होते असे वाचल्यावर अनेकांनी घरी राहणे पसंत केले आणि तिकीटविक्री आणखी खालावली.

गाडीतील दिवस

टोरांटो सोडल्यानंतर गाडी उत्तर ऑन्टॅरिओच्या खडकाळ प्रदेशातून विनिपेगकडे निघाली. सुमारे दोन हजार किलोमीटरांच्या या टप्प्यात तळी, सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये आणि क्वचित एखादे लहान स्थानक यांखेरीज काही लागत नाही. जूनअखेरीस तेथे दिवस अतिशय लांब असतो. श्रोते नाहीत, पत्रकार अगदी थोडे, दूरध्वनी नाही आणि उतरून जाण्यास ठिकाण नाही, अशा स्थितीत ही मंडळी एकत्र राहिली.

एरवी या कलावंतांची गाठ पडे ती महोत्सवातील व्यासपीठामागे. एक संच उतरतो आणि दुसरा चढतो, त्या गडबडीत दोन शब्द बोलायलाही सवड नसे. गाडीत त्यांना दिवसच्या दिवस मिळाले. त्यातून जे घडले त्याला इंग्रजीत जॅम म्हणतात: पूर्वतयारी न करता जमेल त्याने जमेल ते वाद्य घेऊन बसणे आणि एकाने सुरू केलेले गाणे इतरांनी उचलणे. प्रेक्षक नसल्याने चूक झाली तरी बिघडत नसे आणि गाणे कोठे संपवायचे याचेही बंधन नसे. झोप आली तर डब्यातील आपल्या जागी जाऊन पडावे आणि उठल्यावर पुन्हा येऊन बसावे; तोवर वादक बदललेले असत, वादन मात्र चालूच असे. रोलिंग स्टोन या नियतकालिकासाठी लिहिणारा डेव्हिड डाल्टन हा गाडीत होता. त्याने प्रवासाचे वर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध केले आणि पुढे जॅनिस जॉप्लिनवर पुस्तकही लिहिले. माहितीपट येईपर्यंत या प्रवासाची आठवण मुख्यतः अशा लेखनातूनच टिकून होती.

मद्य हा या प्रवासाचा दुसरा स्थायीभाव होता. बैठकीच्या डब्यांत बीअर आणि व्हिस्की सहज मिळे आणि सकाळपासूनच तिला मागणी असे. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या अनेक संगीतकारांना गांजा व एलएसडी यांसारख्या अमली पदार्थांची सवय होती. मद्यपान ही त्यांच्या दृष्टीने मागल्या पिढीची रीत होती. या गाडीत मात्र त्यांनी ती रीत मनापासून पत्करली, असे ग्रेटफुल डेडच्या सदस्यांनी पुढे हसत सांगितले आहे. जॉप्लिन ही आधीपासूनच मद्यासाठी प्रसिद्ध होती आणि गाडीत तिची भूमिका यजमानिणीसारखी झाली.

चित्रीकरणातील सर्वाधिक प्रसिद्ध प्रसंग याच डब्यांतला आहे. द बँडचा रिक डँको, जॉप्लिन, गार्सिया, वेअर आणि न्यू रायडर्सचा जॉन डॉसन हे एकमेकांना खेटून बसलेले आहेत आणि ‘एन्ट नो मोअर केन’ हे गीत गात आहेत. हे टेक्सासमधील तुरुंगांत उसाच्या मळ्यावर राबवल्या जाणाऱ्या कैद्यांचे पारंपरिक श्रमगीत होय. गाण्याचे नेतृत्व डँकोकडे आहे आणि त्याची नशा लपलेली नाही. शब्द अडखळतात, सूर निसटतात आणि गार्सियाला हसू आवरत नाही. शुद्ध संगीताच्या कसोटीवर हे गायन कोणी उत्तम म्हणणार नाही. तरीही मैदानावरील तयारीच्या गाण्यांपेक्षा प्रेक्षकांच्या लक्षात हेच राहते. जॉप्लिनने मध्येच घेतलेली वरची तान डब्याच्या एवढ्याशा जागेत ऐकताना तिच्या आवाजाचा खरा आवाका कळतो.

विनिपेग

१ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी विनिपेगच्या मैदानावर कार्यक्रम झाला आणि त्यास श्रोत्यांचा प्रतिसाद अल्प मिळाला. तीनही शहरांत सर्वांत रिकामे मैदान येथलेच होते. विस्तीर्ण मैदानात जागोजागी बसलेले थोडे लोक आणि व्यासपीठावर जॉप्लिन व द बँड यांच्यासारखे कलावंत, असे ते दृश्य होते. कलावंतांना गाडीत परत जाण्याची ओढ लागली होती. शहरांत थांबून कार्यक्रम करणे हाच जणू प्रवासातील व्यत्यय वाटू लागला होता, असे त्यांच्यापैकी काहींच्या आठवणींवरून दिसते.

सास्काटूनचा थांबा

विनिपेगहून गाडी गव्हाच्या सपाट मैदानी प्रदेशातून पश्चिमेकडे जात असताना गाडीतील मद्य संपले. कॅनडामध्ये मद्यविक्रीचे कायदे प्रांतांच्या अखत्यारीत असून त्या काळी सास्काचेवान प्रांतात सीलबंद मद्य प्रामुख्याने सरकारी दुकानांतून मिळत असे. त्यामुळे वाटेत कोठेही साठा घेता येण्यासारखे नव्हते. ज्या गावी दुकान, तेथेच गाडी थांबवणे भाग होते. सास्काटून येथे थांबा घेण्यात आला. प्रवाशांकडून वर्गणी गोळा करण्यात आली, काहीशे डॉलर जमले आणि स्थानकाजवळच्या दुकानातून खोकीच्या खोकी मद्य खरेदी करण्यात आले. दुकानात केवळ प्रदर्शनासाठी मांडलेली कॅनेडियन क्लब या व्हिस्कीची एक भलीमोठी बाटली होती. तीही ही मंडळी घेऊन आली. लांब केसांच्या आणि रंगीबेरंगी कपड्यांच्या या गिऱ्हाइकांनी दुकान जवळजवळ रिकामे केल्याची कथा केन वॉकरने माहितीपटात रंगवून सांगितली आहे.

ही कथा नेहमी विनोद म्हणून सांगितली जाते आणि ती विनोदी आहेही. परंतु त्या डब्यांतील अनेकांच्या आयुष्यात व्यसन हा पुढे प्राणघातक विषय ठरला, याची नोंद तिच्या शेजारीच करणे आवश्यक आहे.

कॅल्गरी

कॅल्गरी येथील मॅकमाहन मैदानावर ४ व ५ जुलै रोजी अखेरचे कार्यक्रम झाले. येथे गर्दी विनिपेगपेक्षा पुष्कळ चांगली होती. मात्र वाद निराळ्या दिशेने आला. शहराचे महापौर रॉड साइक्स यांनी कॅल्गरीच्या तरुणांना मैदानात विनामूल्य सोडावे, असे आयोजकांना सुचवले. टोरांटोत निदर्शकांनी केलेली मागणी येथे शहराच्या प्रथम नागरिकाच्या तोंडून आली. आधीच तोट्यात असलेल्या वॉकरने ती साफ नाकारली आणि दोघांमध्ये कडाक्याचे भांडण झाले. वॉकरच्या मनातील ही अढी तीन दशकांनंतरही गेलेली नव्हती, हे माहितीपटातील त्याच्या मुलाखतीवरून कळते.

कॅल्गरीच्या व्यासपीठावरून जॉप्लिनने आयोजकांचे जाहीर आभार मानले आणि त्यांना एक खेळण्यातली आगगाडी व टकीला या मेक्सिकन मद्याची पेटी भेट दिली. कार्यक्रम संपल्यावर कलावंत आपापल्या वाटेने पांगले. परतीची गाडी नव्हती.

आर्थिक परिणाम

महोत्सवाने आयोजकांना मोठ्या तोट्यात लोटले. दोन शहरे रद्द झाली, टोरांटोतील गोंधळाने विक्री घटली आणि गाडीचा, कलावंतांचा व मैदानांचा खर्च मात्र ठरल्याप्रमाणे करावा लागला. तरीही मानधन बुडवल्याची तक्रार कलावंतांच्या आठवणींत आढळत नाही. उलट वॉकरविषयी त्यांच्यापैकी अनेकजण आपुलकीने बोलतात.

हरवलेले चित्रीकरण आणि माहितीपट

प्रवासाचे चित्रीकरण प्रारंभापासूनच योजनेचा भाग होते. वुडस्टॉकवरील चित्रपट मार्च १९७० मध्ये प्रदर्शित होऊन त्याने भरपूर उत्पन्न मिळवले होते. त्यामुळे मैदानावरील तोटा चित्रपटातून भरून निघेल ही अपेक्षा निराधार नव्हती. निर्माता विलेम पूलमन याने दिग्दर्शनाची जबाबदारी फ्रँक स्विटानोविच याच्याकडे दिली. छायाचित्रकारांमध्ये पीटर बिझियू हा होता. त्याला पुढे मिसिसिपी बर्निंग (१९८८) या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला.

परंतु महोत्सवानंतर निर्माते व आयोजक यांच्यात वाद उद्भवला, पैसा आटला आणि चित्रपट अर्धवट राहिला. फितींचा काही भाग पूलमन यांच्या घरच्या गॅरेजमध्ये पडून राहिला, तर काही भाग कालांतराने कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जमा झाला. तेथे तो थंड व कोरड्या जागेत सुरक्षित राहिला, हे भाग्यच म्हणावे लागेल. १९९० च्या दशकात त्याचा शोध लागल्यानंतर विलेम यांचा पुत्र गॅव्हिन पूलमन याने इतरांच्या साहाय्याने प्रकल्प पुन्हा हाती घेतला. बीटल्स अँथॉलॉजी या मालिकेमुळे परिचित असलेला बॉब स्मीटन याने दिग्दर्शन केले. जिमी हेंड्रिक्सचा ध्वनिमुद्रक म्हणून ख्याती मिळवलेल्या एडी क्रेमर याने मूळ ध्वनिफिती नव्याने मिश्रित केल्या.

माहितीपट सप्टेंबर २००३ मध्ये टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि २००४ साली अमेरिकेतील चित्रपटगृहांत आला. त्यात १९७० चे चित्रीकरण आणि फिल लेश, बॉब वेअर, बडी गाय, सिल्व्हिया टायसन, केन वॉकर आदींच्या नव्या मुलाखती यांची गुंफण आहे. जॉप्लिनची ‘क्राय बेबी’ व ‘टेल मामा’, द बँडचे ‘द वेट’ आणि ‘आय शॅल बी रिलीज्ड’, ग्रेटफुल डेडचे ‘न्यू स्पीडवे बूगी’ ही त्यातील उल्लेखनीय गाणी होत. त्यांपैकी शेवटचे गाणे ऑल्टामाँट येथील दुर्घटनेनंतर रचलेले आहे. टोरांटोतील चकमकींच्या दृश्यांसमवेत ते ऐकताना त्याचा संदर्भ ध्यानात ठेवावा. मुलाखतींपेक्षा डब्यांतील चित्रणास अधिक वेळ द्यायला हवा होता, ही या माहितीपटाविषयीची तक्रार रास्त आहे.

नंतरच्या घटना

कॅल्गरीच्या कार्यक्रमानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९७० रोजी, जॅनिस जॉप्लिनचा हॉलिवूडमधील एका हॉटेलात हेरॉइनच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. ती २७ वर्षांची होती. गाडीत तिच्यासोबत असलेल्या फुल टिल्ट बूगी बँडबरोबर तिने ध्वनिमुद्रित केलेला पर्ल हा संग्रह जानेवारी १९७१ मध्ये, तिच्या पश्चात प्रसिद्ध झाला. पूर्ण तयारीत असलेल्या या संचासह ती कशी गात असे, याचे जे थोडे चित्रीकरण उपलब्ध आहे त्यात फेस्टिव्हल एक्सप्रेसचा वाटा मोठा आहे आणि फितींचे मोल त्यामुळेच वाढले. द बँडचा रिचर्ड मॅन्युएल १९८६ साली, जेरी गार्सिया १९९५ साली आणि रिक डँको १९९९ साली निवर्तले. यांपैकी कोणालाही पूर्ण झालेला माहितीपट पाहता आला नाही. दिग्दर्शक स्विटानोविचही त्यापूर्वीच निधन पावला होता.

ग्रेटफुल डेडसाठी गीते लिहिणारा रॉबर्ट हंटर याने या प्रवासावर ‘माइट ॲज वेल’ हे गीत रचले. गार्सियाने त्यास चाल दिली आणि त्याच्या रिफ्लेक्शन्स (१९७६) या संग्रहात ते समाविष्ट आहे.

तत्सम रेल्वेप्रवास

फेस्टिव्हल एक्सप्रेसच्या धर्तीवर पुढे काही प्रवास झाले. एप्रिल २०११ मध्ये मम्फर्ड अँड सन्स, ओल्ड क्रो मेडिसिन शो आणि एडवर्ड शार्प अँड द मॅग्नेटिक झिरोज हे तीन संच जुन्या डब्यांच्या गाडीने कॅलिफोर्नियातील ओकलंडहून न्यू ऑर्लीन्सपर्यंत गेले. त्यावरील बिग ईझी एक्सप्रेस या माहितीपटास ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१३ साली डग एटकेन या कलावंताने न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी स्टेशन टू स्टेशन नावाची गाडी नेली; तीत संगीतकारांबरोबर चित्रकार आणि दृश्यकलावंतही होते.

सामान्य प्रवाशाला तिकीट काढून बसता येईल अशा गाड्या याहून वेगळ्या. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात क्वीन्सक्लिफ येथून सुटणाऱ्या ब्लूज ट्रेनच्या प्रत्येक डब्यात निराळा गायक असतो आणि स्थानकावर उतरून प्रवासी डबे बदलतात. जपानमधील तोयोहाशी शहरात उन्हाळ्यात बीअर देणाऱ्या ट्राम चालवल्या जातात, तर फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे स्पोराकॉफ ही लाल रंगाची मद्यगृह-ट्राम आहे. खुद्द कॅनडात, कॅनेडियन नॅशनलची प्रवासी वाहतूक १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिया रेल या स्वतंत्र संस्थेकडे गेली. या संस्थेने लांब पल्ल्याच्या गाड्यांत प्रवाशांसाठी गाणाऱ्या कलावंतांना विनामूल्य प्रवास देण्याची योजना राबवली. त्यातील कार्यक्रम बैठकीच्या डब्यातच होत असत.